दिव्याखालचं पीठ

शैला, तुला पोचवून आलो आणि दार उघडताच दिवा दिसला. तुझ्या खोलीत, तुझी कॉट होती तिथे, फरशीवर तांदळाचं पीठ पसरलेलं, मधोमध पितळेचा दिवा, आणि बाजूला बेगम बाजारातून घाईघाईने आणवलेली वेळूची, विरळ विणीची मोठी टोपली. अक्काने सगळं मांडून ठेवलं होतं. माझी थोरली बहीण अशा वेळी घराचा ताबा घेते. तिला कुणी सांगत नाही, पण सगळे तिच्याकडेच बघतात. बरोबर आलेल्या लोकांनी दिव्याला हात जोडले आणि निघून गेले. मी दारात उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडू आलं नाही. तुझं भांडण आठवलं.

नाना गेले तेव्हाचं. माझ्या वडिलांसाठीही अक्काने असंच पीठ पसरलं होतं. आपल्याकडची रीत तुला पुण्यात कधी बघायला मिळाली नव्हती: माणूस गेलं की त्याच्या जागी दिवा लावायचा, खाली पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी उघडून बघायचं. पिठात ज्याचा ठसा उमटेल त्या जन्माला माणूस गेलं. दिवा मात्र दहाव्यापर्यंत तेवत ठेवायचा. नानांच्या वेळी सकाळी टोपली उचलली तर पिठात बारीक रेघा होत्या आणि एक जळकं पाखरू पडलेलं होतं. "पाखराच्या जन्माला गेले नाना," असं म्हणून अक्काने डोळ्यांना पदर लावला. तू वाकलीस, चष्मा कपाळावर चढवून पाहिलंस आणि वर्गात सांगावं तसं सांगितलंस, "हा पतंग आहे. काल संध्याकाळी खिडकीतून आला असेल."

खरं तेच बोललीस, पण वेळकाळ बघायची तुला कधी सवयच नव्हती. अक्का त्या दिवशी जेवली नाही. नंतर स्वयंपाकघरात कपबशा विसळताना तू मला म्हणालीस, "आपण दिवा लावतो, तो बिचारा अडकतो, मरतो, आणि आपण म्हणतो आपलं माणूस आलं. माझ्यानंतर हे करायचं नाही. ऐकतोयस ना?" चारचौघांत तू मला अहो म्हणायचीस. अरेतुरेवर आलीस की मला कळायचं, आता गंमत संपली. मी म्हणालो, "बघू." या एका शब्दावर मी अख्खा संसार रेटला, शैला. तोच बघू परवा दारात माझी वाट बघत उभा होता.

मनूही होतीच. तिने मला गॅलरीत ओढून नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आत्याला सांगा ना. आईला हे बिलकुल पसंत नव्हतं. मला कितीदा बोलली ती." मी म्हटलं, अक्काला आत्ता कसं सांगू? दोन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. तुझी लेक माझ्याकडे बघत राहिली. अगदी तुझ्यासारखी, न ओरडता. मग आत जाऊन आलेल्यांच्या चपला सरळ करत बसली.

हे मी लिहितोय ते मनूला वाचता यायचं नाही, मलाच वाचून दाखवावं लागेल. तुला याचं फार वाईट वाटायचं. तेलुगू वाचते, इंग्रजी वाचते, मराठीत मात्र जोडाक्षर आलं की अडखळते. तू तिला मधमाशीच्या कपाळावरचे तीन छोटे डोळे शिकवलेस, पण क्ष आणि ज्ञ राहून गेले. मी तुला यावरून टोचायचो आणि तू म्हणायचीस, अक्षरं काय, कधीही येतील.

आपलं लग्न ठरत होतं तेव्हा तुझ्या मामांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय. दिवे विकतो, हे उत्तर ऐकून त्यांनी पुन्हा विचारलं होतं म्हणे, आणि आणखी काय करतो. आमच्या आजोबांनी शेती भावांवर सोडून बेगम बाजारात दुकान टाकलं. आधी कंदील, मग बल्ब, मग ट्यूबा आणि लग्नाच्या माळा. त्या दुकानात तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी सगळे दिवे लावून ठेवले होते. नव्या बायकोवर छाप पाडायची होती. तू मात्र गल्ल्यावर बसलेल्या माशीकडे बघत होतीस.

"हिला या ट्यूबा सारख्या लागता-विझताना दिसत असतील," तू म्हणालीस.

मला काही कळेना. मग तू सांगितलंस, की ट्यूब सलग जळत नाही, फार भराभर लागते आणि विझते. आपला डोळा संथ, म्हणून आपल्याला सलग उजेड वाटतो. माशीच्या डोळ्यात हजारो बारीक भिंगं, आणि तो इतका चपळ की तिला प्रत्येक उघडझाप वेगळी दिसते. माझ्या दुकानात तिच्या डोक्यावर दिवसभर विजाच चमकत असणार. मी म्हणालो, "मग बसली कशाला इथं? जावं की बाहेर." तू म्हणालीस, "दार सापडत नसेल." मी हसलो होतो. तू नव्हतीस हसली.

असं आपलं घर. मी दिवे विकायचो आणि तू घरभर फिरून दिवे बंद करायचीस. जामबागच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून आलीस की आधी पर्स ठेवायची सोडून गॅलरीतली ट्यूब बंद करायचीस, मी लावलेली. "संध्याकाळ आहे, त्यांची जायची वेळ आहे," म्हणायचीस. त्यांची म्हणजे पाखरांची. एकदा चिडून मी म्हणालो होतो, की या घरात माझ्यापेक्षा किड्यांची सोय जास्त बघितली जाते. तू शांतपणे म्हणालीस, "तुला बटण कुठे आहे ते माहीत आहे. त्यांना नाही."

यूसुफभाई मंडपवाले आले होते काल. म्हातारे झालेत, लिफ्ट बंद होती तर जिन्याने आले. तुला आठवत असेल, ते दुकानात येऊन हात जोडायचे, "सेठ, ऐसी बत्ती देव, खाने में कीड़े नक्को गिरना." एकदा तू दुकानात होतीस. तूच त्यांना सांगितलंस, जेवणावर पांढरी ट्यूब लावू नका, पिवळे बल्ब लावा. किड्यांच्या डोळ्याला निळा, जांभळा आणि जांभळ्याच्याही पलीकडचा, आपल्याला दिसतच नाही तो प्रकाश जास्त जाणवतो. पिवळा त्या मानाने कमी. पांढरी ट्यूब विकण्यात मला जास्त सुटायचं, हे तू विसरली होतीस किंवा विसरली नव्हतीस. काल यूसुफभाई तुझ्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मैडम बोले सो पिवळीच बत्ती लगातूं मैं, आज तक." एवढं बोलून खाली गेले. तुझ्याबद्दल आत्तापर्यंत जे जे लोक बोलले त्यात मला हेच सगळ्यात बरं वाटलं.

रंगांवरून तू माझा किती छळ केलास. साडी घ्यायला जावं आणि दुकानदाराने लाल साडी उलगडावी, की तू हळूच माझ्या कानात, "मधमाशीला ही काळी दिसेल." पिवळं फूल पाहिलं की म्हणायचीस, यावर एक खूण असेल, तिच्यासाठी काढलेली, आपल्याला दिसणार नाही. मला राग यायचा. समोर फूल आहे, डोळे शाबूत आहेत, आणि तरी आपल्याला पुरतं दिसत नाही हे काय सारखं सारखं ऐकायचं. मी म्हणायचो, आहे ते पिवळं आहे. तू म्हणायचीस, तुझ्यापुरतं.

परवा अक्काने तुला हिरवी साडी नेसवली आणि कपाळभर कुंकू लावलं. सवाष्ण गेलीस म्हणून बायका पाया पडत होत्या. मला ते कुंकू बघवेना. तेव्हा झेंडूच्या हारावर एक मधमाशी आली. कुणीतरी हाकलायला हात उचलला, मी तो धरला. तिला तिथं काय दिसत होतं कोण जाणे. हिरव्या साडीत गेलेली बाई तर नक्कीच नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो, तेवढा वेळ तुझ्या कपाळाकडे बघावं लागलं नाही.

आपला सगळ्यात मोठा वाद राहून गेला तो पतंगाचा. मी या शहरात वाढलो. शमा आणि परवाना इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक. नाना मला मुशायऱ्याला घेऊन जायचे. पतंग दिव्यावर जीव टाकतो, याच्याइतकं खरं दुसरं काही असेल असं मला वाटायचं नाही. लग्नानंतर मोठ्या हौसेने तुला हे सांगायला गेलो तर तू मला संध्याकाळी गच्चीवर नेलंस. माझ्याच दुकानातला दिवा फरशीवर ठेवलास, तोंड आभाळाकडे करून. पाखरं त्याच्यावरून उडत आली आणि एकेक उलटी होऊन पडायला लागली.

"बघ," तू म्हणालीस. "उडताना वर कुठे, खाली कुठे, हे त्यांना डोळ्यांवरून कळतं. उजेड जिकडे तिकडे आभाळ. पाठ उजेडाकडे ठेवली की झालं. माणसाने दिवा लावेपर्यंत हे कधी चुकलं नव्हतं. आता दिवा खाली आहे, तर ती पाठ खाली करतात आणि कोसळतात. बाजूला असला की त्याच्याभोवती फिरत राहतात."

मी म्हणालो, मग एवढे शायर काय खोटं बोलले? तू म्हणालीस, त्यांनी पाखराला विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "काही म्हण, येतात तर खरी." आणि तू म्हणालीस, "येत नाहीत रे. जाताना अडकतात." मग वाकून दिवा बंद केलास. काही वेळाने ती पाखरं सुलटी झाली आणि एकेक करून उडून गेली.

मला गप्प बसवत नाही हे तुला माहीत होतं. मी म्हणालो, "माणसांचंही तसंच असतं. तूही पुण्याहून निघाली होतीस कुठेतरी, इथे अडकलीस." चेष्टाच होती ती. पण तुझं पुण्यातलं संशोधनाचं काम या लग्नापायी सुटलं होतं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तू हसलीस, दोरीवरचे कपडे काढायला लागलीस आणि म्हणालीस, "त्याचं उत्तर नंतर देते." त्यानंतर मनू झाली, नाना आजारी पडले, आपण कुकटपल्लीला राहायला आलो, तू निवृत्त झालीस. उत्तर राहिलं. मीही विचारलं नाही, कारण ते काय येईल याची मला भीती वाटायची. अजून वाटते.

इथल्या गच्चीवर तू मला ते काळ्या गॉगलचं दाखवलंस, ते मात्र मी जपून ठेवलं आहे. माझा पोलराइज्ड काचांचा गॉगल काढून घेतलास, आभाळासमोर धरून हळूहळू फिरवलास, आणि निळ्या आभाळाचा एक पट्टा गडद झाला, मग फिका, मग परत गडद. आभाळाच्या उजेडात एक नक्षी असते, तू म्हणालीस, आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मुंगीला दिसते, मधमाशीला दिसते. सूर्य ढगाआड गेला तरी निळा तुकडा कुठेतरी दिसला की तिला घराची दिशा लागते. मी म्हणालो, मला तर या सगळ्या सारख्या बिल्डिंगांतून आपला ब्लॉक सापडायची मारामार. तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. तो गॉगल आता टेबलावर आहे. काल गच्चीवर जाऊन फिरवून पाहिला. पट्टा गडद होतो, फिका होतो. हे आता कुणाला सांगायचं, ते समजेना.

आता ते दवाखान्याचं. लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुला आयसीयूत ठेवलं होतं तिथे छतात पांढरे पॅनेल होते, बरोबर तुझ्या तोंडावर. अशा पॅनेलचे खोकेच्या खोके मी विकले आहेत. गिऱ्हाइकाला सांगायचो, एकदम दिवसासारखा उजेड. तिथे खिडकी नव्हती आणि तो दिवस कधी मावळत नव्हता. दुपारच्या भेटीच्या वेळी मी आत आलो, तू डोळे किलकिले करून वर पाहिलंस आणि मास्कच्या आतून म्हणालीस, "ते बंद कर ना रे."

मी सिस्टरला विचारलं. साधी पोरगी होती, मनूपेक्षाही लहान. "कुदरदु सार," ती म्हणाली, जमणार नाही म्हणून. पेशंट सतत नजरेसमोर असावे लागतात, तिचंही बरोबर होतं. तिने तुझ्या डोळ्यांवर कापडाची घडी ठेवली. तू ती काढलीस. मग मी तुझ्या डोळ्यांवर हात आडवा धरून उभा राहिलो. हात भरून आला की दुसरा. त्या सावलीत तू डोळे उघडे ठेवलेस आणि माझ्याकडे बघत होतीस असं मला वाटलं. भेटीची वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं तोपर्यंत. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. आयुष्यभर दिवे विकणाऱ्या माणसाकडे तू शेवटी एक दिवा बंद करून मागितलास आणि तो माझ्या हातात नव्हता.

म्हणून परवा संध्याकाळी अक्काने टोपली झाकली तेव्हा मी काही बोललो नाही. तुला खरं सांगतो, नुसती अक्काची भीड नव्हती. मलाही सकाळ हवी होती. ज्या माणसाने तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढली, ज्याला पतंग कसा फसतो हे तू दिवा ठेवून दाखवलंस, त्यालाही वाटत होतं की टोपली उचलावी आणि खाली काहीतरी असावं. अक्काने खिडकी उघडी ठेवायला लावली. मी ती जरा जास्तच उघडली.

सकाळी बाहेर नुकतं फटफटलं होतं. मनू दाराला टेकून उभी होती. अक्काने हात जोडले आणि टोपली उचलली. दिवा तेवत होता. पिठात बारीक कमानी उमटल्या होत्या, एकात एक, दिव्याभोवती फिरत गेलेल्या, आणि वातीच्या बाजूला एक तपकिरी पाखरू उताणं पडून पंख थरथरवत होतं. जिवंत होतं.

"आली बघ," अक्का म्हणाली. "दिगू, आली बघ रे आपली शैला. पाखरू होऊन आली. माझ्यावर राग धरला नाही पोरीनं."

तेव्हा मला कळलं, की नानांच्या वेळचं ते बोलणं अक्का अजून मनात घेऊन बसली होती, आणि तुझ्याकडून काहीतरी तिलाही हवं होतं. मी गुडघ्यांवर बसलो. मलाही म्हणायचं होतं, हो, आली. तोंडापर्यंत आलं होतं. ते पाखरू उलटं पडून पाठ टेकत होतं, उठत होतं, परत दिव्याकडे पाठ करून पडत होतं. दिवसासारखा उजेड, आणि वर कुठे ते कळेना. मी वात चिमटीत धरली आणि दिवा विझवला.

"असं काय करायलास रे," अक्का ओरडली. "दहाव्यापर्यंत ठेवायचा असतो. तिला वाट कशी दिसंल?"

मी म्हणालो, "अक्का, तिला आभाळ पुरतं." मनूने येऊन अक्काच्या खांद्यावर हात ठेवला. अक्काने तो झटकला नाही, पण माझ्याशी ती अजून बोललेली नाही. तिची समजूत मी काढीन, त्याला वेळ लागेल.

पाखरू बराच वेळ निपचित पडलं होतं. पंखांना पीठ लागलेलं. मग सुलटं झालं, सरपटत खिडकीच्या कट्ट्यापर्यंत गेलं, तिथे थांबलं. बाहेर उजाडत होतं. ते गेलं. मागे वळणार नव्हतंच, तरी मी बघत उभा राहिलो. ती तू होतीस असं मी म्हणणार नाही, तू मला हसशील. आणि गच्चीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तरही आता मी मागत नाही. अडकली असशील तर सुटलीस, आली असशील तर माझं भाग्य.

बंद केला, शैला. फार उशीर झाला.